पाटकऱ्याची साक्ष

यशया मकासरेला ‘साक्ष’ म्हटलं की नेवाशाचं कोर्ट आठवतं, आणि यात त्याची काही चूक नाही. सोनईच्या आसपासच्या चाऱ्यांवर त्यानं उभी हयात पाटकरी म्हणून काढली. मुळा धरणाचं पाणी कालव्यातून चारीला आलं, की कोणाच्या रानाचं दार कधी उघडायचं आणि कधी बंद करायचं हे पाटकरी बघतो. म्हणजे सगळं गाव ज्याला चहा पाजतं आणि पाठ वळली की शिव्या देतं, असा हा माणूस. एका उन्हाळ्यात एकाच भावकीतल्या दोन घरांची पाण्यावरून जुंपली, चारीचं लोखंडी दार कोणीतरी फोडलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि मुख्य साक्षीदार कोण, तर यशया.

सरकारी वकिलानं त्याला आधी बाजूला घेऊन बजावलं, “हे बघा, पाहिलं तेवढंच सांगायचं. ऐकलेलं नाही, वाटलेलं नाही.” यशयानं ते इतकं मनावर घेतलं, की वकिलावरच कपाळाला हात लावायची पाळी आली. पिंजऱ्यात उभा राहून तो म्हणाला, “मी फुटलेलं दार पाहिलं. त्याच्या हातात टिकाव पाहिला. फोडताना न्हाई पाहिलं.” आरोपी सुटला. एका घरानं पेढे दिले, दुसऱ्यानं चहा बंद केला, आणि यशयाला मात्र आयुष्यभराचा एक नियम मिळाला. पुढं कोणी सोयरीक जुळवताना त्याला विचारलं, की पोरगा पितो का हो, तर हा सांगायचा, “पिताना न्हाई पाहिला.” अशा दोन सोयरिकी त्यानं जुळवल्या. त्यातली एक अजून टिकून आहे म्हणतात.

तर असा हा यशया, आता साठी ओलांडलेला, रिटायर. बायको क्रिस्टीना दोन वर्षांमागं वारली. एकुलता मुलगा पॉल बायकापोरांसह नगरला असतो, तिथल्या एमआयडीसीत मशीन चालवतो. शहराचं नाव बदलून अहिल्यानगर झालं, तरी यशयाच्या तोंडात अजून नगरच आहे. नवीन गोष्ट त्याच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो.

एका सोमवारी पॉलचा फोन आला. रेंज अर्धी होती.

“पप्पा, या रविवारी साक्ष द्यायला याल का?”

यशया उठून उभा राहिला. पोरावर केस झाली की काय? पण बापानं घाबरून कसं चालेल. तो म्हणाला, “येईन की. पर कोनाच्या बाजूनं?”

“प्रभूच्या बाजूनं, पप्पा!” पॉल आनंदानं म्हणाला आणि फोन कट झाला.

गावात प्रभू नावाचा एकच माणूस होता, प्रभू वेल्डर, आणि त्याचं पॉलशी काही वाकडं असल्याचं यशयाच्या कानावर नव्हतं. दिवसभर तो याच विचारात. संध्याकाळी त्यानं कोर्टाचा पांढरा सदरा पेटीतून काढून धुऊन वाळत घातला, आणि प्रभू वेल्डरच्या दुकानावरून दोनदा जाऊन आला. प्रभू गेट जोडत बसला होता. केस असलेल्या माणसाचं तोंड असं नसतं.

गुरुवारी पॉल स्वतःच आला, सोबत पास्टर अँड्र्यू म्हणून एक तरुण गृहस्थ. आल्या आल्या पास्टर म्हणाले, “प्रेज द लॉर्ड, काका.” यशया म्हणाला, “सलाम.” त्याच्या बापाच्या, आज्याच्या वेळेपासून ख्रिस्ती माणसं एकमेकांना सलामच करत आली. चर्चला ती देऊळ म्हणत आली. पण पॉल नगरला ज्या मंडळीत जातो, तिथं सगळंच नव्यानं होतं.

त्या मंडळीला नावं ठेवायची यशयाची छाती नव्हती. पॉल दारूत गेला होता. कामावरून दोनदा काढला होता, सून माहेरी निघून गेली होती. त्या माणसांनी त्याला उचललं, रोज संध्याकाळी येऊन त्याच्यापाशी बसली, आणि एका दिवशी पोरगा गुडघ्यावर आला तो पुन्हा बाटलीकडे गेला नाही. तो दिवस पॉल तारखेनिशी सांगतो. सांगताना त्याचा चेहरा असा उजळतो, की ते खोटं असेल असं दुश्मनही म्हणणार नाही. हे यशयानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

चहा झाला आणि पास्टरांनी सावकाश विषय काढला. “काका, तुमचं तारण कधी झालं? म्हणजे येशूला तुम्ही कधी स्वीकारलंत?”

“मी जन्माचा ख्रिस्ती हाय,” यशया म्हणाला. “माझ्या पंजोबानं बाप्तिस्मा घेतला व्हता.”

“तो पंजोबांनी घेतला. पाटाच्या कडेला राहिलं म्हणून रान भिजतं का काका? दार उघडावं लागतं.”

यशया चमकला. पाटकऱ्याला हे कोणी शिकवायला नको होतं. “माझाबी झालाय की. पाळकसाहेबांनी डोक्यावर पानी शिंपडलं व्हतं.”

“तुम्ही ते पाहिलं?”

“कसं पाहीन? आईच्या कडेवर व्हतो.”

“म्हणजे ऐकीव झालं,” पॉल मध्येच बोलून गेला. त्याला बापाचा नियम पाठ होता.

यशया स्वतःच्याच जाळ्यात असा अडकला. मग त्यानं दृढीकरणाची आठवण काढली. बारा-तेरा वर्षांचा असताना देवळात सगळ्यांसमोर उभं राहून त्यानं प्रश्नांची उत्तरं घडाघडा म्हटली होती, बिशपसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला होता.

“ते का केलंत?” पास्टरांनी विचारलं.

“समद्यांनी केलं म्हनून,” यशया म्हणाला, कारण खोटं त्याला येत नव्हतं. “आन नवा सदरा मिळाला.”

पास्टर हसले, पण प्रेमानं. माणूस वाईट नव्हता. “काका, देवाला नातवंडं नसतात, फक्त मुलं असतात. तुम्ही स्वतः त्याला हो म्हणालात, तो दिवस आठवून बघा. नसेल, तर रविवारी तो दिवस करू. तुमच्या शेजारच्या मच्छिंद्ररावांच्या शेततळ्यात बुडून बाप्तिस्मा घ्यायचा, आणि त्याआधी चार शब्द साक्ष.”

“साक्ष म्हंजी माझी मीच द्यायची?”

“हो. तुमची तुम्हीच.”

कोर्टात असलं काही चालत नाही, एवढं यशयाला ठाऊक होतं. पण त्याला वेगळंच काही विचारायचं होतं. ते त्यानं पॉलकडं बघून विचारलं. “आन तुझी आई? तिनंबी असा दिवस कधी सांगितला न्हाई. तिच्याबी डोक्यावर पानीच शिंपडलं व्हतं.”

पॉल खाली बघायला लागला. सारवलेल्या अंगणात बोटानं रेघ ओढत राहिला. पास्टर म्हणाले, “ते देवाला माहीत, काका. आपण आपलं बघावं.” पॉलनं काही म्हटलं असतं तर यशया भांडला असता. पोरगं गप्प बसलं, आणि ते गप्प बसणं त्याच्या काळजाला लागलं.

ते दोघं गेल्यावर यशयाच्या डोक्याचा पार भुगा झाला. इकडे आड, तिकडे विहीर. पाण्यात उतरावं, तर क्रिस्टीनाचं सगळं आयुष्य वाया गेलं असं आपणच चारचौघांत म्हटल्यासारखं. न उतरावं, तर पोरगं बाप नरकात चालला म्हणून झुरत बसणार. आणि यापेक्षा वाईट म्हणजे, पास्टरांचा प्रश्न खरा होता. आपला दिवस कोणता? तो चारीच्या कडेनं चालत सगळं आयुष्य मागं मागं तपासत गेला. नाताळ आठवले, लग्न आठवलं, देवळाचं छप्पर घातलं ते आठवलं. हो म्हटल्याचा दिवस सापडेना. नाही म्हटल्याचाही सापडेना.

प्रार्थनेला बसला तर तीही अडायला लागली. लहानपणापासून जी प्रार्थना उताराच्या पाण्यागत सुरळीत जायची, तिच्यात ‘आमच्या बापा’ म्हणताना तो थांबला. आमच्या म्हणजे कोणाकोणाच्या? त्यात आपण धरलेलो आहोत का? आजवर हा प्रश्न पडला नव्हता तेच बरं होतं, असं वाटून त्याला स्वतःचाच राग आला.

शनिवारी सकाळी मच्छिंद्र आला. शेजारचा बागाईतदार, यशयाचा लहानपणचा दोस्त. यशया भाकरी करत होता. क्रिस्टीना आजारी पडल्यापासून तोच करतो, आणि आता बऱ्या गोल होतात.

“उद्या तुझ्या पोराच्या मंडळीला शेततळं पायजे म्हनं,” मच्छिंद्र उंबऱ्यावर टेकत म्हणाला. “मी व्हय म्हनलो. फकस्त साबन लावू नका म्हनावं. डाळिंबाला सोडायचंय पानी.”

“आंघोळीला न्हाई येत ती मान्सं.”

“मग?”

यशयानं त्याला समजावून सांगितलं. स्वतःला न समजलेली गोष्ट दुसऱ्याला समजावताना माणूस जसा घाम पुसतो तसा तो पुसत होता.

“म्हंजी तू आता ख्रिश्चन व्हनार?”

“मी हायेच की.”

“मग परत कशाला?”

“पहिलं धरत न्हाईत म्हनं.”

मच्छिंद्रनं डोकं खाजवलं. जमिनीच्या वादात त्याची अर्धी हयात गेली होती, त्याला सगळं जग तिथूनच कळायचं. “गड्या, सातबाऱ्यावर नाव असून उपेग न्हाई. ताबा कोनाचा हाय ते बघत्यात. तुझ्याकडं ताबा हाय का?”

“कशाचा?”

“ते मला काय ठावं? तुझ्या देवाचा.”

यशया आणखीच गोंधळला. त्यानं परातीत बाजरीचं पीठ घेतलं, त्यातलंच मूठभर परत उचललं, फळीवरच्या पत्र्याच्या डब्यात टाकलं, झाकण लावलं आणि उरलेलं पीठ मळायला घेतलं.

“हे कशाला?” मच्छिंद्रनं विचारलं.

“देवाची मूठ. पॉलची आई टाकायची. डबा भरला की देवळात नेऊन द्यायचा, तिथून ज्याला गरज त्याच्या घरी जातं.”

“तिला जाऊन दोन वरसं झाली की.”

“डबा हाय ना अजून,” यशया म्हणाला. त्याचं लक्ष उद्याच्या साक्षीत होतं.

रविवारी मंडळी दोन टेम्पो भरून आली. शेततळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या काळ्या कागदावर ऊन चकाकत होतं. कडेला चिंचेखाली सतरंज्या टाकल्या, पेटी-ढोलकी आली, गाणी झाली. यशया पांढऱ्या सदऱ्यात मागं बसला होता. एकेकानं उठून साक्ष दिली. एका बाईनं आपला दिवस सांगितला, वार सांगितला, तेव्हा कुकरची शिट्टी होत होती तेही सांगितलं. एका तरुणाची ऐकून सगळे रडले. यशयाही रडला. त्यांचं खरं होतं, याबद्दल त्याला शंका वाटली नाही. शंका होती ती एकाच माणसाबद्दल, आणि त्या माणसाचं नाव आता पुकारलं गेलं.

पॉल आधीच पाण्यात उतरून उभा होता, छातीभर. बापाला धरायला त्यानं हात पुढं केले होते.

यशया उठला, सगळ्यांकडं तोंड करून उभा राहिला, आणि सवयीनं कोर्टातलंच सुरू केलं. “नाव यशया शिमोन मकासरे. धंदा पाटकरी, आता रिटायर. देवाला स्मरून खरं सांगेन, खोटं सांगनार न्हाई.”

मागं पोरं हसली. पास्टरांनी त्यांना डोळ्यांनी दटावलं.

“येशूला मी पाहिलेलं न्हाई,” यशया म्हणाला. एकजण आमेन म्हणायच्या बेतात होता, त्यानं ते गिळलं. “त्याच्याविषयी मला जे ठावं, ते आईबापाकडून ऐकलेलं, देवळात ऐकलेलं. माझा दिवस कोन्ता तेबी सापडला न्हाई. लई शोधला. पर पॉलच्या आईला मी पाहिलंय. तेवढं सांगतो.”

ढोलकीवाल्यानं ढोलकी खाली ठेवली.

“एका साली धरनात पानी न्हवतं. मी तवा रोजावर व्हतो. पाट बंद म्हंजी रोज बंद. पीठ बुडाला लागलं व्हतं. तरी ही बाई परातीत पीठ घ्यायची आन त्यातली मूठ डब्यात टाकायची. मी वरडलो. म्हनलो, देवाला भूक लागलीय व्हय? पोराला लागलीय. ती म्हनली, पोराची भाकर मी लहान न्हाई करत. मग मी ध्यान देऊन बघितलं. पॉलची भाकर व्हती तेवढीच. माझी तेवढीच. तिची लहान. रोज. कुनाला बोलली न्हाई. हे मी माझ्या डोळ्यानं पाहिलं.”

पाण्यातल्या पॉलनं पुढं केलेले हात खाली घेतले होते.

“मग तिला लकवा मारला. उजवा हात गेला. मी भाकरी करायला बसलो की ती सरकत सरकत यायची आन हात पिठात घालायची. मूठ वळायची न्हाई. पीठ बोटांतनं गळून जायचं. एक दिस रडली. इतक्या दुखन्यात कधी रडली न्हाई ती, मूठ वळंना म्हनून रडली. मग मी तिच्या हातावर हात ठेवला आन दाबला. वळली मूठ. तशीच नेऊन डब्यात टाकली. मग रोज तसंच. जाईपर्यंत.”

यशयानं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं आणि पास्टरांकडं वळला.

“एवढं पाहिलं. आता पास्टर, तुमी शिकलेली मान्सं, मला सांगा. ती आत हाय का भायेर? आत आसंल, तर तिला चाललं ते मला का चालंना? आन भायेर आसंल...” त्यानं तळ्याकडं पाहिलं. “तर मी एकटा आत जाऊन काय करू?”

हा प्रश्न त्यानं वादासाठी विचारला नव्हता. त्याला खरोखर उत्तर पाहिजे होतं. पास्टर अँड्र्यूंनी हातातलं बायबल उघडलं आणि मिटलं. ते भले माणूस होते, म्हणून ओठांवर आलेलं उत्तर त्यांनी दिलं नाही. “काका, बसा थोडं,” एवढंच म्हणाले. कोणीतरी गाणं धरलं, पण दुसरं कडवं कोणी उचललं नाही.

तेवढ्यात पाण्यात धडपड झाली. पॉल बाहेर यायला बघत होता आणि ओल्या कागदावरून त्याचा पाय सारखा घसरत होता. जन्मभर पाण्याशी खेळलेला यशया लगेच कडेला गेला, काठावर बांधून ठेवलेला गाठी मारलेला दोर टाकला, मागं रेलून बसला आणि ओढायला लागला. “घट्ट धर,” तो ओरडत होता, “मूठ सोडू नगंस.” पॉल वर आला तो बापाच्या गळ्यातच पडला आणि त्याला भिजवून टाकलं. मंडळीतल्या एका म्हातारीला वाटलं बाप्तिस्मा झाला, आणि तिनं टाळ्या वाजवल्या.

मंडळी गेली. पॉलनं बायकोला आणि पोरांना टेम्पोतून पुढं पाठवलं आणि स्वतः राहिला. पुढच्या रविवारचं कोणी काही बोललं नाही. यशयाला कळेना, की आपण साक्ष दिली की साक्ष बिघडवली. नेवाशाच्या कोर्टात निदान निकाल तरी लागला होता.

दिवस मावळता यशयानं पीठ घेतलं. पॉल चुलीसमोर येऊन बसला. परातीतली मूठ उचलून यशयाचा हात फळीकडं गेला, आणि वाटेतच थांबला.

इतके दिवस जो हात न विचारता जात होता, तो आज चारचौघांत बोलून बसल्यामुळं बावरला. ही मूठ कोणाची म्हणून टाकायची? तिची म्हणावी, तर ती नाही. आपली म्हणावी, तर आपला काय हक्क, आपला दिवसच सापडलेला नाही. यशया मूठ तशीच धरून उभा राहिला.

“पप्पा,” पॉल हळू म्हणाला, “तुम्ही का टाकता?”

“ठावं न्हाई.”

“आईसाठी?”

“आसंल.”

“कधीपासून टाकता? तुमची तुम्ही?”

पॉलनं ते पास्टरांसारखं विचारलं नाही. त्याला जाणून घ्यायचं होतं. यशयानंही मनापासून आठवून पाहिलं. तिला माती दिली त्या दिवशी शेजारून जेवण आलं होतं. दुसऱ्या दिवशी टाकली असेल. पण त्याआधी रोज तिच्या हातावर हात होताच. शेवटी शेवटी तर तिच्या बोटांत काही जोर राहिला नव्हता, दाबत होता तो हाच. मग ती मूठ कोणाची धरायची? कोणत्या दिवशी तिची संपली आणि याची झाली?

“न्हाई सापडत,” तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि कशानं ते त्याला सांगता आलं नसतं. “तू म्हनशील, बापाला एवढंबी ठावं न्हाई.”

पॉलनं चुलीतली लाकडं पुढं सारली. 

शेवटी पीठ हातात घामानं ओलं व्हायला लागलं म्हणून यशयानं मूठ डब्यात टाकून दिली, झाकण लावलं आणि भाकरी थापायला बसला. एक भाजली, ती पॉलच्या ताटात वाढली. दुसरी आपल्या ताटात घेतली. “जेव,” तो म्हणाला, आणि डोळे मिटून आशीर्वाद मागायला लागला. ‘आमच्या बापा’पाशी तो पुन्हा अडखळला.

पॉलनं डोळे मिटले नव्हते. त्याची भाकरी नेहमीएवढीच होती. बापाची लहान होती. बापाच्या ते ध्यानातही नव्हतं, आणि पॉल ते डोळ्यांनी पाहत होता.